अकरा वेळा एक

एक हा आकडा शेजारी शेजारी अकरा वेळा लिहिला की जी संख्या तयार होते, ती आमच्या घरात दीड वर्ष मुक्कामाला होती. वाचायची तर अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. माझे वडील ती एका दमात वाचायचा प्रयत्न करत. बहुतेक वेळा लाखापाशी त्यांना खोकला येई.

आम्ही तेव्हा रोह्यासमोर, नदीच्या अलीकडे, अष्टमी गावात दोन खोल्यांत राहत होतो. मूळ गाव पेणकडच्या कासूच्या आत, भात आणि वालाचं. वडील सातवी शिकलेले. आमच्या घराण्यात शेत सोडून कंपनीत लागलेले ते पहिले. पूल ओलांडून रोह्याच्या पलीकडे एका रसायनांच्या कंपनीत ते ऑपरेटर होते. कंपनीचा भोंगा आमच्या ओटीवर ऐकू यायचा, आणि घरातली वेळ त्या भोंग्यावर चालायची.

पाळी बदलताना ऑपरेटर लोकांची एक पद्धत होती. जाणाऱ्याने उरलेलं काम तोंडी सांगायचं आणि येणाऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. परत म्हटल्याशिवाय जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. वडिलांना या पद्धतीचा फार अभिमान होता. आई बाजारात निघाली तरी ते म्हणत, "मीठ, खोबरं, काड्यापेटी. परत बोल." आई म्हणायची, "मी काय तुमच्या दुसऱ्या पाळीला हाय काय?"

मी नववीत असताना एका दुपारी पाळी बदलली. वडिलांनी सांगितलं, "वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचाय." दुसऱ्या पाळीच्या माणसाने परत म्हटलं, "वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचाय." तेवढ्यात सुपरवायझरने दोघांना रजिस्टरवर सही करायला बोलावलं. सही करून वडील कपडे बदलायला गेले आणि तो माणूस दुसऱ्या पंपाकडे गेला. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. थोड्या वेळाने दाब वाढून गॅस सुटला. वडील परत धावत आत गेले आणि त्याला ओढून बाहेर आणलं. तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. वडील वाचले, पण छातीतून गेले. कंपनीने त्यांना घरी बसवलं.

चौकशी झाली. दोष कोणाचा ते कागदावर आलं नाही. सांगणाऱ्याने बंद करून जायचं की ऐकणाऱ्याने बंद करायचं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. कधी हा करायचा, कधी तो. त्या दिवशी कोणी करायचा होता, एवढं एकच वडिलांना आठवत नव्हतं. सांगितलेलं आठवत होतं, परत म्हटलेलं आठवत होतं. त्यापुढे सहीचं रजिस्टर. ओटीवर बसून ते स्वतःशीच विचारत, "माझ्याकडून राहिला काय रे?" हा 'रे' कोणाला होता ते आम्हाला कळत होतं.

आमचे गणिताचे सर अष्टमीतच राहायचे. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे लिहिते. ते एकदा वडिलांना भेटायला आले. बोलण्यासारखं काही सुचेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "भागाकार येतो ना तुम्हाला?"

"सातवीपर्यंतचा येतो, सर. पण नवाचा ताळा करून बघतो मी. चुकत नाय."

सरांनी पाटी मागितली आणि सात वेळा एक लिहिला. म्हणाले, "ह्याला भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या शोधा. चौदाने भागल्यावर एक उरतो अशाच संख्या बघायच्या. तीन आणि पाचने भाग जाणाऱ्या गाळायच्या. बाकीच्यांकडे बघायचीही गरज नाही." असं का, ते मला पुढे कॉलेजात कळलं. वडिलांनी 'का' असं विचारलं नाही. कंपनीत मिळालेली सूचना घ्यावी तशी ती त्यांनी घेतली. एकोणतीस, त्रेचाळीस, एकाहत्तर असं करत नवव्या भागाकाराला दोनशे एकोणचाळीसवर बाकी शून्य आली. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. अपघातानंतर त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी हललेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी अकरा वेळा एक लिहून दिला.

"ही फुटते की नाही, मला माहीत नाही," ते म्हणाले. "सहा एक असते तर तीन-तीनचे गट करून फोडता आले असते. अकरा स्वतःच मूळ संख्या आहे, तिचे गट पडत नाहीत. भाजक असलाच तर तो बाविसाने भागून एक उरणारा असेल. तीन, पाच आणि सातने भाग जाणारे गाळा. एक लाख पाच हजार चारशे नऊच्या पुढे जायचं नाही, ते तिचं वर्गमूळ. तिथपर्यंत कोणी सापडला नाही, तर ती मूळ संख्या."

"किती भागाकार होतील, सर?"

"दोन हजारांच्या वर."

आई आतून म्हणाली, "सर, माणूस बरा व्हायला औषध द्या काय तरी."

वडिलांनी मात्र वही आखली. तेवीस, बाकी दहा. सदुसष्ट, बाकी अठरा. एकोणनव्वद, बाकी सहा. भागाकार पाटीवर करायचा, नवाचा ताळा घ्यायचा, मग वहीत फक्त भाजक आणि बाकी लिहायची. दुपारपर्यंत पहिली पाळी त्यांची. मी शाळेतून आले की दुसरी पाळी माझी. मधे सगळं कंपनीसारखं. ते पुढचा भाजक सांगणार, मी तो परत म्हणणार, मग ते पाटी माझ्या हातात देणार.

"आल्या काय दुसऱ्या पाळीच्या बाई? पाच मिनिटं लेट. पगार कापीन."

"आधी पगार तर द्या, बाबा."

मला हे सगळं सुरुवातीला खेळासारखं वाटलं. एका संध्याकाळी ते आईला सांगत होते ते मी ऐकलं.

"एक पण न सोडता शेवटाला गेलो ना, तर मला कळंल."

"काय कळंल?"

"मी सोडणारा माणूस हाय का नाय, ते."

आई पोह्यांच्या गिरणीत कामाला जायची, दिवसभर उभी राहून आलेली असायची. ती चुलीपाशी गेली. मला तेव्हाच कळत होतं की एका गोष्टीवरून दुसरी अशी सिद्ध होत नाही. वहीत एकही भाजक सुटला नाही, म्हणून त्या दुपारी व्हॉल्व्ह त्यांच्याकडून राहिला नाही, हा काही निष्कर्ष नव्हे. पण ते सकाळी उठून दात घासून पाटी घेऊन बसत होते. ते मोडायचं धाडस मला झालं नाही.

तीन-चार महिन्यांत आम्ही वीस हजारांच्या पुढे गेलो. त्यातल्याच एका दुपारी, आईची गिरणी बंद होती तेव्हा, मी शाळेतून आले. वहीत शेवटची ओळ वडिलांच्या हातची होती, एकवीस हजार पाचशे त्र्याऐंशीची. त्यांनी सांगितलं, "पुढचा एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास." मी परत म्हटलं, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली, आणि दारात ती उभी होती. त्या गेलेल्या माणसाची बायको. नागोठण्याजवळच्या तिच्या गावाहून गाडीने आली होती.

वडील उठून उभे राहिले. आईने पाट मांडला. ती बसली नाही.

"भावजी, लोक सांगतात माझ्या माणसानं बंद केला नाय. तुम्ही तिथं होतात. खरं काय ते सांगा."

"वहिनी, मला आठवत नाय."

"आठवत नाय का सांगायचं नाय?"

"पोरीची शपथ, आठवत नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातात पाटी होती, पाटीवर अकरा एक. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. आईने चहा ठेवला होता तो तसाच राहिला. ती गेल्यावर वडिलांना मोठा खोकला आला, उलटी झाली. आई आणि मी पाठ चोळत होतो. नंतर ते म्हणाले, "जा, तुझी पाळी हाय. काम थांबवायचं नाय."

आम्ही काम थांबवलं नाही.

त्यानंतर वर्षभर तेच. पावसात नदी पुलाला लागली तेव्हा दोन दिवस शाळा बंद होती, त्या दोन दिवसांत आम्ही तीस भागाकार केले. माझी दहावी झाली. वडिलांचा हात थरथरायला लागला, तेव्हा ते भाजकाला नऊपर्यंत गुणून एका कागदावर ठेवत, म्हणजे मला वेळ कमी लागे. शेवटचा भाजक एक लाख पाच हजार चारशे तीन. तो त्यांनी स्वतः केला. बाकी उरली. ताळा जुळला. त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

सर आले, वही चाळली. म्हणाले, "मग मूळच म्हणायची ती. एवढं मी आयुष्यात केलं नसतं." त्यांनी वडिलांना हात जोडले. माझ्या बापाला एका शिक्षकाने हात जोडले, हे मी कधी विसरणार नाही.

त्या आठवड्यात वडील म्हणाले, "चल, नागोठण्याला जायचंय."

स्टेशनवरून गावापर्यंत ते चार ठिकाणी बसले. घर लहान, सारवलेलं. समोरच्या भिंतीवर गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला चंदनाचा हार. वडील फोटोसमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही विचारायला आलात. मी दीड वर्षं बघितलं. दोन हजार भागाकार केले, एक सोडला नाय. मी सोडणारा माणूस नाय. माझ्याकडून राहिलं नाय."

तिला भागाकारातलं काही कळलं नसणार. शेवटचं वाक्य कळलं.

"म्हणजे ह्यांच्याकडून राहिलं."

वडिलांनी मान खाली घातली. ती फोटोकडे बघत म्हणाली, "बरं झालं सांगितलात. बसा, पाणी आणते." मी तिथे होते. मी अकरावीच्या वर्गात जाणारी, शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी होते, आणि मी तोंड उघडलं नाही. परतीच्या गाडीत वडील खिडकीला डोकं टेकून झोपले. कित्येक महिन्यांनी त्यांना अशी झोप लागली होती.

त्या थंडीत ते गेले.

बारावी झाल्यावर सरांनी फॉर्म भरून दिला, आईने गिरणीत रविवारचंही काम धरलं, आणि मी पेणला कॉलेजात गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेलं त्याआधी कोणी नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयात लाकडी टेबलाशी बसताना मला रोज वडिलांची आठवण यायची, चांगल्या अर्थाने. दुसऱ्या वर्षी तिथे एका जुन्या पुस्तकात मला एक तक्ता दिसला. एक हा आकडा दोन वेळा, तीन वेळा, चार वेळा लिहिलेल्या संख्या आणि पुढे त्यांचे भाजक. सात वेळाच्या पुढे दोनशे एकोणचाळीस होता. मी हसले. मग चार ओळी खाली गेले.

अकरा वेळाच्या पुढे मूळ असं लिहिलेलं नव्हतं. दोन संख्या होत्या. २१६४९ आणि ५१३२३९.

मी पुस्तक मागायच्या चिठ्ठीच्या पाठीमागे गुणाकार केला. सगळे एक आले. पुन्हा केला. पुन्हा सगळे एक.

मला आधी वाटलं, भागाकार चुकला असेल. ताळा चुकून जुळला असेल. संध्याकाळच्या गाडीने मी घरी गेले आणि पेटीतली वही काढली. २१५८३ वडिलांच्या हातचा. त्याच्या खालची ओळ २१६७१, माझ्या हातची. मधलं काहीच नाही. चुकीचा भागाकार नव्हता. भागाकारच नव्हता. नवाचा ताळा केलेल्या भागाकाराचा होतो, न केलेल्याचा होत नाही.

वही मांडीवर घेऊन मी बसले, तेव्हा ती दुपार सगळी परत आली. दारात ती. चहा. खोकला. मग मी पाटी पुसली आणि वहीतल्या शेवटच्या ओळीत बावीस मिळवले. एकवीस हजार सहाशे पाच, पाचने जातो. आणखी बावीस, सहाशे सत्तावीस, तीनने जातो. आणखी बावीस, सहाशे एकोणपन्नास. आणि माझ्या मनात आलं होतं, हा झाला. कारण तो मी माझ्या तोंडाने म्हटलेला होता. वडिलांनी सांगितलेला होता, मी परत म्हटलेला होता, पाटी हातात आलेली होती. सगळं रीतसर झालं होतं. मी पुढचा घेतला.

वडिलांकडून सुटला नव्हता. माझ्याकडून सुटला होता. पण त्या वेळी मला कोणी विचारलं असतं, तर मीही शपथेवर सांगितलं असतं की सुटला नाही. आणि मग मला व्हॉल्व्ह दिसला. एकाने सांगितलं, दुसऱ्याने परत म्हटलं, दोघांनी सही केली. जी पद्धत काही राहू नये म्हणून होती, तिच्यामुळेच दोघांनाही ते झाल्यासारखं वाटलं. वडील दीड वर्ष दोघांपैकी एक माणूस शोधत होते. चूक राहिली होती ती त्या दोघांच्या मधल्या जागेत.

हे खरंच तसं झालं असेल असं मी सिद्ध करू शकत नाही. तेव्हाही नव्हते, आजही नाही. पण वडिलांनी फोटोसमोर जे सांगितलं होतं त्याचा आधार गेला होता, एवढं नक्की होतं. आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "त्यांचं समाधान त्यांच्याबरोबर गेलं. तुला जायचं तर जा. मी नाय येणार."

मी एकटी नागोठण्याला गेले. तिने मला ओळखलं. "ये गो बाय. शिकतेस ना?" मी आत गेले आणि समोरच्या भिंतीवर फक्त खिळा होता. खिळ्याखाली भिंतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता.

"फोटो कुठं, काकी?"

"पेटीत. तुझा बाप सांगून गेला तेव्हापास्ना. माणूस आपल्या चुकीनं मेला आणि दुसऱ्याला पण आजारी करून गेला. रोज त्याच्याकडं बघून जेवायचं कसं?"

मी वही पिशवीतून काढली होती, ती परत आत ठेवली. वही दाखवून तिला काय कळणार होतं? मी साधं सांगितलं. बाबा आणि मी मिळून एक काम करत होतो. त्यांनी सांगितलं, मी परत म्हटलं, तेवढ्यात तुम्ही दारात आलात, आणि काम राहिलं. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, मला आत्ता कळलं. बाबा तुम्हाला म्हणाले एक सोडला नाही, ते खरं नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना माहीत नव्हतं. व्हॉल्व्हचंही बहुतेक असंच झालं असेल. नक्की मला सांगता येत नाही. पण काकांचीच चूक होती असं म्हणायला कोणाकडे काही नाही.

मग तिचा आवाज चढला.

"तेव्हा तू हितंच बसलेलीस. तेव्हा का नाय बोललीस?"

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

"पण काय तरी माहीत होतं तुला. तुझं तोंड मी बघितलेलं."

मी होय म्हटलं. भागाकारांवरून व्हॉल्व्हचं काही ठरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. बाबांना झोप लागावी म्हणून मी गप्प बसले.

"तुझ्या बापाला झोप लागली," ती म्हणाली. "माझी गेली."

तिने पेटी उघडली. साड्यांच्या खालून फोटो काढला. काच पदराने पुसली, मांडीवर ठेवला. हार केव्हाच गेला होता.

"लावीन मी मग," ती म्हणाली.

"काकी, आत्ताच लावू."

"लावीन म्हटलं ना."

"नुसतं म्हणून नको. लावूया."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढते. मग तिने फोटो माझ्या हातात दिला. मी पाण्याच्या पिंपावर चढून तो खिळ्याला अडकवला. थोडा तिरका झाला, तो तिने खालून हात लांबवून सरळ केला. उजळ चौकोन झाकला गेला.

मी चपला घालत होते तेव्हा तिने विचारलं, "तुझ्या घरी तुझ्या बापाचा हाय काय लावलेला?"

"हाय."

ती दाराची कडी हातात धरून उभी होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे लावलेला." आणि दार लोटून घेतलं.